सायलेंट हिल २ मधले मॉन्स्टर नक्की कुणाचे? (स्पॉयलर भरपूर आहेत)

धुकेकरी | शनिवार, रात्री ११.४०

गेल्या महिन्यात 'सायलेंट हिल २'चा रिमेक संपवला. (ऑक्टोबर २०२४ ला आला, पण मी सेलची वाट बघत बसलो होतो.) मूळ गेम २००१ चा. तो आम्ही कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर पाच जणांनी मिळून खेळला होता. एकाच्या हातात कीबोर्ड आणि बाकीचे चौघे "पळ, पळ, उजवीकडे" म्हणून ओरडणारे. त्यात कसली भीती वाटणार! या वेळी एकटा खेळलो, घरचे झोपल्यावर, हेडफोन लावून. पहिल्या तीन तासांत दोनदा गेम थांबवून स्वयंपाकघरात दिवा लावून पाणी पीत उभा राहिलो. वय वर्षं बेचाळीस.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. जेम्स संडरलँडला बायकोचं पत्र येतं, की सायलेंट हिल गावात आपल्या खास जागी मी तुझी वाट बघतेय. बायको, मेरी, आजारपणात जाऊन तीन वर्षं झालेली. तरी हा निघतो. गाव धुक्यात बुडालेलं, रस्ते ओस, आणि रस्त्यांवर फिरणारे ते. शेवटी हॉटेलच्या ३१२ नंबरच्या खोलीत एक व्हिडिओ टेप बघितल्यावर कळतं, की मेरी आजाराने गेली नव्हती. जेम्सनेच तिच्या तोंडावर उशी दाबली होती, आणि ते तो स्वतःपासूनच लपवून बसला होता.

आता 'ते' म्हणजे काय म्हणायचं हाच प्रश्न. राक्षस म्हटलं की मला गदा आणि मिशा दिसतात. भूत म्हणावं तर भूत मेलेल्या माणसाचं असतं, आणि हे कुणी मेलेले नाहीत. म्हणून मॉन्स्टरच म्हणतो.

तर, मासाहिरो इतो या चित्रकाराने केलेले यातले मॉन्स्टर जेम्सच्या मनातून आलेत हे सगळीकडे लिहिलेलं आहे. पहिला भेटतो तो स्वतःच्याच कातडीच्या पोत्यात बांधल्यासारखा, हात आत अडकलेले, वेदनेने वळवळत चालणारा. म्हणजे अंथरुणाला खिळलेला रुग्ण. मग मॅनिकिन: कमरेला कंबर जोडलेली, खाली दोन पाय, वरही दोन पाय, डोकं नाही. म्हणजे आजारी बायकोच्या नवऱ्याची दडपलेली वासना. नर्स: सुजलेले, ओळखू न येणारे चेहरे. म्हणजे हॉस्पिटलच्या चकरा. आणि पिरॅमिड हेड, डोक्यावर गंजलेला लोखंडी त्रिकोण, हातात फरफटत नेलेला प्रचंड सुरा. म्हणजे शिक्षा.

इथवर ठीक. पण ही कुंजी मला आधीपासून पाठ होती. व्हिडिओ बघितलेत, लेख वाचलेत. तरीही मी घाबरलो. आणि पिरॅमिड हेडला तर अजिबातच नाही घाबरलो! मला त्या मॅनिकिनची भीती वाटली. रिमेकमध्ये त्या भिंतीच्या आडोशाला नुसत्या उभ्या असतात. हलत नाहीत. टॉर्चच्या उजेडात एखादा पाय दिसतो आणि पोटात खड्डा पडतो.

अर्थ माहीत असूनही भीती का जात नाही? की अर्थ आणि भीती यांचा संबंधच नाही? तुमचे अनुभव लिहा.

---

सई०७ | शनिवार, रात्री ११.५८

रात्री बारा वाजता हा धागा उघडला ही माझी चूक. उद्या दिवसा वाचते.

---

जुना_भिडू | रविवार, सकाळी ९.१५

चांगलं लिहिलंय, पण एक पिन टोचतोच.

तुम्ही लोक धुक्याचाही अर्थ काढता. 'धुकं म्हणजे जेम्सची धूसर स्मृती' वगैरे. पहिला 'सायलेंट हिल' १९९९ साली प्लेस्टेशनवर आला. त्या यंत्राला लांबवरचं गाव एका दमात काढणं झेपत नव्हतं. म्हणून जवळचं तेवढं दाखवायचं आणि पुढे धुकं नाहीतर काळोख. हा इंजिनियरचा जुगाड आहे. त्यावर वीस वर्षं प्रबंध लिहिले गेले.

मी आपला 'रेसिडेंट ईव्हिल'वाला. १९९६ पासून. झाँबी का आहे? विषाणूमुळे. विषाणू का आहे? कंपनीने बनवला म्हणून. गोळी घाला, औषधी वनस्पती खा, पुढे चला. झाँबीला माझ्या बालपणाशी देणंघेणं नाही, आणि तरी दाराआडून तो आला की मी उडतोच. म्हणजे भीतीला अर्थ लागत नाही. सिद्ध झालं. चहा घेतो.

---

टॉर्च_बंद | रविवार, सकाळी १०.०२

भिडू, धुक्याबद्दल शंभर टक्के बरोबर, आणि म्हणूनच तुमचा मुद्दा अर्धा राहतो. दुसऱ्या भागाच्या वेळी प्लेस्टेशन २ होता. गेम बनवणारे बरंच काही दाखवू शकले असते. तरी त्यांनी धुकं ठेवलं, उलट जास्त दाट आणि हलतं केलं. अडचणीतून आलेली गोष्ट कामाची निघाली तर कलाकार ती सोडत नाही. नाटकातला अंधारही आधी दृश्य बदलायच्या सोयीसाठीच असतो.

आणि उडणं वेगळं, भिणं वेगळं. कुकरची शिट्टी झाली तरी माणूस उडतो.

धुकेकरी, तुमच्या प्रश्नावर माझं मत: कुंजी चुकीची नाही, पण ती चित्राची कुंजी आहे. 'हे म्हणजे ते' हे चित्राला पुरतं. गेममध्ये त्या मॉन्स्टरसमोर तुमच्या हातात फळकूट असतं. जेम्सचं पहिलं हत्यार आठवा, खिळा ठोकलेली लाकडी फळी. त्या पोत्यातल्या जीवाला तुम्ही खाली पाडता, आणि तो मेलाय की नाही कळत नाही म्हणून पडल्यावरही मारत राहता. रेडिओची खरखर थांबेपर्यंत (मॉन्स्टर जवळ असला की जेम्सचा रेडिओ खरखरतो). आता तुमच्याच कुंजीप्रमाणे तो जर अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर तुम्ही आत्ता काय केलंत?

---

धुकेकरी | रविवार, सकाळी १०.१०

अरे बापरे.

हे डोक्यातच आलं नव्हतं. मी तर प्रत्येकाला दोन फटके जास्तीचे घालायचो. खात्रीसाठी.

---

ओसाकाकर | रविवार, सकाळी १०.४५

इथे जपानात पिरॅमिड हेडला 'सांकाकु आतामा' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'त्रिकोण-डोक्या'. ऐकायला शाळेतल्या चिडवायच्या नावासारखं वाटतं. इंग्रजी नावामुळे त्याला जो भारदस्तपणा आलाय तो इथे नाही.

इतोच्या आधीच्या कल्पनेत मुखवटा घातलेला माणूस होता. पण तो मुखवटा घातलेला माणूसच दिसायला लागला, म्हणून टोकदार कोनांचं डोकं आलं, ज्याच्याकडे बघूनच टोचेल असं. टीम सायलेंटच्या, म्हणजे गेम बनवणाऱ्या चमूच्या, या चित्रांमागे चित्रकार फ्रान्सिस बेकनची छाया आहे. ज्यांनी बेकनची ती पिळवटलेली, खोलीत कोंडलेली माणसं बघितलीत त्यांना वेगळं सांगायला नको.

पण पिरॅमिड हेड निव्वळ जेम्सच्या मनातून आलाय हे अर्धसत्य आहे. गावाच्या इतिहास संग्रहालयात भिंतीवर एक चित्र लागलंय: धुक्याचा दिवस, मागे पिंजऱ्यात टांगलेली माणसं, पुढे तोच त्रिकोण-डोक्या. गावात पूर्वी फाशी देणारे जे जल्लाद होते त्यांच्या वेशातून तो आलाय. म्हणजे शिक्षेची गरज जेम्सची आणि गणवेश गावाचा. मला हे फार आवडतं. अपराधीपण प्रत्येकाचं स्वतःचं, पण शिक्षा कशी दिसते हे आपल्याला गाव शिकवतं.

---

अण्णा_वाचनमात्र | रविवार, दुपारी १२.३०

मी गेम खेळत नाही. नातवाने खेळताना मागे बसून बघितलेत, तेवढीच ओळख. पण ओसाकाकरांच्या शेवटच्या वाक्यावरून आठवलं ते लिहितो. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

आमच्याकडची भुतं घ्या. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ, पाय उलटे. ही नावं काय सांगतात? कोण मेलं यापेक्षा काय राहून गेलं ते सांगतात. मुलाचं लग्न राहिलं. बाईला वाचवायचं राहिलं. गावाला ज्याचं अपराधी वाटतं त्याचं गाव भूत करतं, आणि मग त्याला नारळ देत बसतं. बाळंतिणीला वेळेवर गाडीत घालून दवाखान्यात नेलं असतं तर हडळ झाली नसती. पण ते कुणी बोलत नाही. पाय उलटे होते एवढंच बोलतात.

तुमच्या त्या जेम्सचं मात्र वेगळं दिसतंय. याचं भूत गावाने केलेलं नाही, त्याला स्वतःलाच ते करावं लागलं. एकट्या माणसाची भुतं.

---

सई०७ | रविवार, दुपारी १.१५

दिवसा वाचलं. अण्णा, तुमचा प्रतिसाद वाचून दिवसाही भीती वाटली, पण वेगळी.

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी ४.२०

मी नर्स आहे. अकरा वर्षं. त्यातली बरीच रात्रपाळीत, म्हणून हा आयडी.

सगळे नर्सवर आले आणि एका ओळीत पुढे गेले, म्हणून लिहितेय. मला या गेममधलं सगळं आवडतं, फक्त एवढं खुपतं. हॉरर गेममध्ये कुठलंही हॉस्पिटल उघडा, त्यात मनोरुग्णालय असलं तर विचारूच नका: गंजलेल्या खाटा, भिंतीवर रक्त, किंचाळणारे पेशंट. वर्षानुवर्षं हेच. माझ्या वॉर्डातल्या मानसिक आजाराच्या पेशंटनी मला जेवढा त्रास दिला त्याच्या दसपट त्यांच्या नातेवाइकांनी दिलाय. पण नातेवाइकाचा मॉन्स्टर कुणी करत नाही.

नर्सचं म्हणाल तर २००१ च्या गेममध्ये तरी कारण होतं. चेहरा सुजलेला, डोकं झटके देत हलणारं, कपडे मळके. कंटाळलेल्या, घाबरलेल्या नवऱ्याच्या नजरेतून दिसलेली नर्स, म्हणजे शरीर दिसतंय पण माणूस दिसत नाही. हे मी रोज बघते. पेशंटचे नवरे माझ्या चेहऱ्याकडे न बघता सलाइनच्या बाटलीकडे बघत माझ्याशी बोलतात. तेव्हा जेम्सला नर्सला चेहरा का देता आला नाही हे मला पटतं. पण २००६ च्या चित्रपटात आणि पुढच्या गेममध्ये त्याच नर्सचा गळा खोल झाला, स्कर्ट तोकडा झाला, आणि त्या कुणाच्याच मनातल्या राहिल्या नाहीत. नुसती पोस्टर. आता लोक त्यांचे पुतळे विकत घेऊन टीव्हीखाली ठेवतात.

---

टॉर्च_बंद | रविवार, सायंकाळी ५.०५

रात्रपाळी, पूर्ण सहमत. पिरॅमिड हेडचंही तेच झालं. तो फक्त जेम्सचा, कारण त्याला शिक्षा हवी होती. शेवटी जेम्स स्वतःच म्हणतो, की मी दुबळा होतो, म्हणून मला शिक्षा करणारा कुणीतरी हवा होता. आणि ते म्हटल्यावर दोन्ही पिरॅमिड हेड स्वतःच्याच भाल्यांवर मरतात. काम संपलं. पण कोनामीचं, म्हणजे गेम काढणाऱ्या कंपनीचं, काम संपलं नव्हतं ना! २००८ च्या 'होमकमिंग'मध्ये तो परत आला, जिथे जेम्सचा पत्ताच नाही. मग एका खेळाच्या गेममध्ये धावायला, मग 'बाँबरमॅन'मध्ये बुटका होऊन बाँब टाकायला. इतोने ट्विटरवर वैतागून लिहिलं होतं की मी हे पात्र काढलंच नसतं तर बरं झालं असतं.

धुकेकरींना पिरॅमिड हेडची भीती का वाटली नाही त्याचं उत्तर बहुधा हेच. त्याला की-चेनवर पाहिलाय.

रुग्णालयांच्या बाबतीत एक अपवाद नोंदवतो. 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस', २०१७, केंब्रिजच्या निंजा थिअरीचा. नायिका सेनुआला सायकोसिस आहे, म्हणजे नसलेलं ऐकू येणारा, दिसणारा मानसिक आजार. तिच्या डोक्यातले आवाज हेडफोनमध्ये तुमच्या कानाभोवती फिरतात: एक हसतो, एक घाबरवतो, एक लढाईत मागचा शत्रू दाखवतो. केंब्रिजचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर आणि हा अनुभव घेतलेले लोक सोबत बसून ते बनवलंय. त्यात एक भारी लबाडी आहे. सुरुवातीला गेम सांगतो, की हरत गेलात तर हातावरची काळी कीड डोक्यापर्यंत चढेल आणि तुमची सगळी प्रगती पुसली जाईल. तसं कधीच होत नाही. पण खेळणारा पूर्ण वेळ त्या भीतीखाली राहतो. वेड 'दाखवणं' वेगळं आणि खेळणाऱ्याला चुकीच्या खात्रीत जगायला लावणं वेगळं.

---

जुना_भिडू | रविवार, सायंकाळी ५.३०

ती कीड खोटी होती??? मी तो गेम त्या भीतीने अर्धवट सोडला होता. सहाशे रुपये परत द्या.

---

मृण्मयी_ | रविवार, रात्री १०.५०

कालपासून लिहू की नको करतेय.

मी हा गेम २००९ मध्ये खेळले, धाकट्या भावाच्या प्लेस्टेशनवर. त्या वेळी आई आजारी होती. अडीच वर्षं चाललं. दिवसा ऑफिस, संध्याकाळी हॉस्पिटल, आणि भाऊ तिच्याजवळ थांबला की रात्री मी घरी येऊन हे खेळायचे. लोक विचारायचे, अशा दिवसांत असलं काय खेळतेस? त्यांना सांगता यायचं नाही, की बाकी कुठेच मला पटण्यासारखं काही दिसत नव्हतं. सिरियलमध्ये आजारी माणसं पांढऱ्या चादरीवर छान झोपलेली असतात आणि शेवटी क्षमा मागून जातात.

वर सगळे मॉन्स्टर मोजून झाले, पण एक जागा राहिली. टेप बघितल्यानंतर हॉटेलात एक लांबलचक कॉरिडॉर येतो. तिथे कुणीही नसतं. जेम्स चालत राहतो आणि आपल्याला फक्त आवाज ऐकू येतात: तो फुलं घेऊन आलाय, आणि मेरी त्याच्यावर किंचाळतेय. नकोत तुझी फुलं, घरी जा. मग म्हणते, आजाराने आणि औषधांनी मी मॉन्स्टरसारखी दिसते, बघतोस काय, मला मरू दे, निघून जा. आणि तो निघाला की एकदम: थांब. जाऊ नको. मला सांग ना, सगळं ठीक होईल म्हणून.

'मॉन्स्टर' हा शब्द तिचा आहे. तिने स्वतःसाठी वापरलेला.

माझ्या आईने हा शब्द वापरला नाही, मराठी बाई होती, "माझं भूत झालंय बघ" म्हणायची. आरसा काढून ठेवायला लावला होता. पण तो उतार-चढाव तंतोतंत तोच. ताट भिरकावणं, आणि पाच मिनिटांनी माझा हात न सोडणं. आणि मी त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, एखाद्या रात्री रिक्षात बसून, असा विचार केलाय जो मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी कुणाचं लांबलेलं आजारपण काढलंय त्यांना तो कुठला ते कळेल. जेम्सने जे केलं ते मी केलं नाही. पण तो परका वाटला नाही, एवढंच.

म्हणून मला ते मॉन्स्टर 'वासनेचं प्रतीक', 'शिक्षेचं प्रतीक' असे सुटे सुटे कधी दिसलेच नाहीत. ते सगळे मला मेरीच वाटायचे. ज्या मेरीकडे जेम्सला बघवत नव्हतं ती, तुकड्या-तुकड्यांत. हॉस्पिटलातला तो लोखंडी चौकटीत टांगलेला, खाली नुसतं तोंड असलेला मॉन्स्टर आठवतोय का? खाट आणि ओरडणारं तोंड. दुसरं काय असतं ते?

---

रात्रपाळी | रविवार, रात्री ११.२०

मृण्मयी, तो रिक्षातला विचार जवळपास प्रत्येक नातेवाइकाच्या डोळ्यांत मी बघितलाय. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक नसेल. तो गुन्हा नाही. थकवा असतो. दुपारी मी नातेवाइकांबद्दल जे लिहिलं ते जरा रागात लिहिलं होतं.

---

अण्णा_वाचनमात्र | सोमवार, सकाळी ६.४०

मृण्मयीताई, वाचलं. नमस्कार.

---

ओसाकाकर | सोमवार, सकाळी ८.१०

मृण्मयीनंतर लिहायला संकोच वाटतोय, पण तिच्या मुद्द्याला जोडूनच आहे.

या गावात जेम्सशिवाय आणखी तिघं फिरतात. आठ वर्षांची लॉरा, तिला एकही मॉन्स्टर दिसत नाही. ती एकटी हुंदडत असते आणि जेम्स कशाला घाबरतोय ते तिला कळत नाही. एडी, ज्याला सगळं जग आपल्याला हसतंय असं वाटतं. आणि अँजेला, जिच्यावर बापाने लहानपणापासून अत्याचार केलेत. तिचा मॉन्स्टर बघा: खाटेसारखी चौकट, तिच्यावर ताणलेली कातडी, आणि आत एकमेकांत मिसळलेले दोन देह. नावच 'ॲब्स्ट्रॅक्ट डॅडी'. तो मेल्यावरही अँजेला त्याला लाथा घालते, त्याच्यावर टीव्ही फेकते. रिमेकमध्ये ती लढाई एका घराच्या खोल्यांमधून बरीच लांबवलीय, आणि मला ती खेळताना खरोखर थांबावं लागलं.

पुढे ती जळत्या जिन्यावर उभी असते. जेम्स म्हणतो, इथे किती भयंकर उकडतंय. ती म्हणते, तुलाही दिसतं? माझ्यासाठी हे नेहमीच असं असतं.

मला हा अख्ख्या गेममधला सर्वांत भीतिदायक क्षण वाटतो, आणि त्यात एकही मॉन्स्टर नाही. एरवी प्रत्येकाचं सायलेंट हिल वेगळं. इथे क्षणभर एकाला दुसऱ्याचं दिसतं. आणि तरी तो काही करू शकत नाही. ती वर निघून जाते.

'सायलेंट हिल एफ' खेळलंय का कुणी? सप्टेंबर २०२५ चा. १९६० च्या दशकातलं जपानी खेडं, नायिका शाळकरी मुलगी, घरात बापाची दहशत, बाहेर लग्नाचा रेटा, आणि गाव गिळत जाणारी लाल हिगानबाना. ती फुलं इथे शरदातल्या विषुवाच्या सुमारास फुलतात, स्मशानांजवळ हमखास. बघितली की आता अंगावर काटा येतो. त्यावर वेगळा धागा काढेन.

---

जुना_भिडू | सोमवार, सकाळी ९.००

काल जे 'सिद्ध झालं' लिहिलं होतं ते मागे घेतो. अर्धं. झाँबी अजूनही माझाच.

एक खरोखरची शंका. लॉराला काही दिसत नाही, अँजेलाला वेगळंच दिसतं. मग जेम्स ज्यांना मारतो ते नक्की कोण? तिसऱ्या भागात तो व्हिन्सेंट नायिकेला, हेदरला, विचारतो ना, की ते तुला मॉन्स्टर दिसतात का? आणि मग म्हणतो, गंमत केली. ती गंमत मला २००३ पासून छळतेय. मीही अर्थ शोधतोच म्हणायचा.

---

टॉर्च_बंद | सोमवार, सकाळी ९.४०

ती गंमत लेखकांनी मुद्दाम उघडी ठेवलीय, आणि ती बंद करायचा प्रयत्न करू नये असं मला वाटतं. ज्या दिवशी 'ती माणसंच होती' असं अधिकृतपणे सांगतील त्या दिवशी ती एक बातमी होईल.

धुकेकरींच्या मूळ प्रश्नाकडे येतो, मॅनिकिनच का? फ्रॉइडचा १९१९ चा एक निबंध आहे 'उनहाइमलिश'वर. त्या जर्मन शब्दात 'घर' दडलंय: घरचं, ओळखीचं असलेलंच परकं होऊन समोर येतं तेव्हाची भीती. निर्जीव बाहुली जिवंत आहे की काय ही शंका, हे त्यात येणारं उदाहरण मूळचं त्याच्या आधीच्या येंच या मानसोपचारतज्ज्ञाचं. मॅनिकिन हलली की ती शत्रू होते, शत्रूचं काय करायचं ते हाताला माहीत असतं. उभी असते तोवर हाताला काही माहीत नसतं.

'अम्नेशिया: द डार्क डिसेंट'ने, २०१० मध्ये, हे टोकाला नेलं. हत्यारच दिलं नाही. काळोखात लपलात तर नायकाचं भान सुटायला लागतं, उजेडात आलात तर मॉन्स्टर बघतो. आणि मॉन्स्टरकडे टक लावून बघितलं तरीही भान सुटतं. म्हणजे त्याचा चेहरा नीट बघून कुंजी लावायची सोयच काढून घेतली!

आणि आता शेवट. धुकेकरी, तुम्हाला कुठला शेवट मिळाला ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

---

धुकेकरी | सोमवार, दुपारी १.२०

'इन वॉटर'. जेम्स मेरीचा देह गाडीत घेऊन तलावात जातो तो.

मला वाटलं सगळ्यांना तोच मिळतो.

---

टॉर्च_बंद | सोमवार, दुपारी १.४५

नाही! हेच तर सांगायचं होतं. गेम कुठेही विचारत नाही, पण पूर्ण वेळ तुमच्यावर नजर ठेवून असतो. जखमी अवस्थेत तसेच फिरत राहिलात, अँजेलाने दिलेला सुरा काढून न्याहाळलात, की तो समजतो या जेम्सला जगायचं नाही. मेरीचा फोटो आणि पत्र पुन्हा पुन्हा बघितलंत, प्रकृती सांभाळलीत, तर तो समजतो याला सोडून पुढे जाता येईल. गावात भेटणाऱ्या, हुबेहूब मेरीसारख्या दिसणाऱ्या मारियाच्या जवळ जवळ राहिलात, तिला जपलंत, तर तिसराच शेवट. मॉन्स्टर जेम्सच्या मनाचे, पण शेवट तुमच्या सवयींचा.

---

धुकेकरी | सोमवार, दुपारी २.०५

थांबा थांबा.

मी जखमी फिरत होतो कारण मी कंजूष आहे! हेल्थ ड्रिंक पुढच्या बॉससाठी राखून ठेवत होतो. गेम संपला तेव्हा खिशात एकवीस शिल्लक होती. आणि सुरा मी तीन-चारदा बघितला कारण मला वाटलं त्यावर कोड्याचा आकडा असेल.

म्हणजे माझ्या काटकसरीला गेमने आत्महत्येची इच्छा समजलं?

---

सई०७ | सोमवार, दुपारी २.१०

😂😂 काका, तुमच्या मॉन्स्टरचं नाव 'पुढे लागेल'.

---

जुना_भिडू | सोमवार, दुपारी २.१५

हसू नका. आमच्या पिढीतले सगळे जेम्स तलावातच गेले असणार.

---

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३.३०

हसले, पण एक सांगू? वॉर्डात असे लोक येतात. दुखणं अंगावर काढून. विचारलं तर म्हणतात, पैसे मुलीच्या शिक्षणाला ठेवले होते. त्यांना जगायचं असतंच. बाहेरून बघणाऱ्याला मात्र ते दिसत नाही. गेमलाही दिसलं नाही.

---

धुकेकरी | सोमवार, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार. परत खेळायला घेतलाय. या वेळी पोत्यातला पहिला जीव समोर आला तेव्हा टॉर्च बंद केला आणि कडेने निघून गेलो. टॉर्च बंद असला की त्यांचं लक्ष कमी जातं हे आधी माहीत होतं, वापरलं कधीच नव्हतं. तो तसाच धुक्यात वळवळत राहिला. मारण्यापेक्षा हे जास्त जड गेलं.

मृण्मयी, तुम्हाला कुठला शेवट मिळाला होता? सांगावंसं वाटलं तरच.

---

मृण्मयी_ | सोमवार, रात्री ११.३५

'लीव्ह'. जेम्स लॉराला घेऊन गावातून निघून जातो तो.

तो का मिळाला हे मला आत्ता, टॉर्च_बंद यांचा प्रतिसाद वाचल्यावर कळलं. मी सारखं सामानात जाऊन ते पत्र उघडायचे. काही कारण नव्हतं. कुठे अडकले, दमले, की उघडून वाचायचे आणि बंद करायचे.

हॉटेलात पोचल्यावर एकदा उघडलं तर कागद कोरा होता. मला वाटलं भावाची डिस्क खराब झाली. त्याला हॉस्पिटलमध्ये फोन करून विचारलं. तो म्हणाला, डिस्क नवी आहे ताई, आणि आई झोपलीय, हळू बोल.